वकिलीवर तुळशीपत्र

मराठी चरित्रग्रंथांत एक वाक्य हटकून येते. नायक कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होतो, त्याला सनद मिळते, चार-दोन वर्षांत त्याचा जम बसतो, दारात पक्षकारांची रीघ लागते. आणि मग, प्रकरण संपता संपता, देशाची हाक ऐकून तो वकिलीवर तुळशीपत्र ठेवतो. पुढच्या प्रकरणात सभा, तुरुंग, सुटका, मिरवणूक. कोर्टाची इमारत त्या पुस्तकात पुन्हा दिसत नाही.

हे वाक्य खोटे असते असे नाही. पैशापुरते ते बहुधा खरेच असते. परंतु चरित्रकार त्या वाक्याचा उपयोग एखाद्या पडद्यासारखा करतो, आणि पडदा पडला की अलीकडचा माणूस वेगळा व पलीकडचा वेगळा अशी आपली समजूत होते. वास्तविक पाहता वकील उत्पन्न सोडतो; विचार करण्याची रीत सोडत नाही. पुरावा काय, अधिकार कोणाचा, आरोपीला बोलू दिले की नाही, निकालावर दाद कोठे मागायची, हे प्रश्न ज्याच्या हाडीमाशी खिळले, तो क्रांतीत शिरला म्हणून ते प्रश्न त्याला सोडून जात नाहीत. कायद्याच्या माणसाने कायदा उलथायला निघावे, यातच त्याच्या आयुष्याचे खरे नाट्य असते. आणि आपली चरित्रे नेमके तेच तुळशीपत्राखाली झाकून टाकतात. हे नाट्य कसे असते ते पाहण्यासाठी आधी फ्रान्सकडे वळू व मग आपल्या वऱ्हाडात येऊ.

इंग्रजीतून वाचणाऱ्यांना जो डॅन्टन म्हणून ठाऊक आहे, तो जॉर्ज-झाक दांतों १७५९ साली शांपेन प्रांतातल्या आर्सी या लहानशा गावी जन्मला. पॅरिसला येऊन त्याने उमेदवारी केली, एका कॉफीगृहाच्या मालकाची मुलगी केली, आणि १७८७ मध्ये राजाच्या परिषदांपुढे काम चालवणाऱ्या वकिलाची जागा अठ्ठ्याहत्तर हजार लिव्हर मोजून विकत घेतली. त्यातला बराचसा पैसा उसनवारीचा होता. दोनच वर्षांनी क्रांती झाली आणि आपल्या कोर्दलिए वस्तीचा हा दांडगट, देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याचा, घणाघाती आवाजाचा वकील रस्त्यावरच्या माणसांचा पुढारी झाला. १० ऑगस्ट १७९२ रोजी राजसत्ता कोसळली. तिच्या जागी आलेल्या सरकारात दांतोंकडे खाते आले ते न्यायाचे. तो न्यायमंत्री असतानाच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या तुरुंगांत जमावांनी हजाराहून अधिक कैदी कापून काढले. न्यायमंत्र्याने ते थांबवले नाही.

पुढच्या वर्षीच्या मार्चात, दांतोंच्याच आग्रहाने, पॅरिसमध्ये क्रांतिन्यायालय उभे राहिले. त्यामागचा त्याचा युक्तिवाद अस्सल वकिली होता. सरकारनेच उग्र रूप घेतले तर लोकांना उग्र होण्याचे कारण उरणार नाही, असे त्याचे म्हणणे. सप्टेंबरची कत्तल पुन्हा नको असेल तर सूड कायद्याच्या चौकटीत आणा. आरोपपत्र असू द्या, पंच असू द्या, निकाल असू द्या. ज्याने रक्ताचा लोट पाहिला आहे त्याला ही सूचना सौम्य वाटली तर नवल नाही. पण तेरा महिन्यांनी, एप्रिल १७९४ मध्ये, त्याच न्यायालयापुढे दांतों आरोपी म्हणून उभा होता. त्याचा आवाज खिडक्यांतून बाहेर रस्त्यावर ऐकू जाई आणि गर्दी जमे. तेव्हा घाईघाईने ठराव झाला की, न्यायासनाचा उपमर्द करणाऱ्या आरोपीला कामकाजातूनच वगळावे. वकिलाला बोलण्याची बंदी झाली आणि ५ एप्रिलला त्याचे डोके उडाले. त्याला तेथवर पोचवणारा रोबेस्पिएर हाही आरास गावचा वकीलच. १७९१ च्या मे महिन्यात देहान्तशिक्षा रद्द करावी म्हणून त्याने भाषण केले होते. जून १७९४ च्या कायद्याने त्याच्या पक्षाने आरोपीचा वकील देण्याचा हक्कच काढून घेतला, आणि जुलैअखेर त्याला स्वतःला कोणताही खटला न चालवता, केवळ ओळख पटवून, वधस्तंभावर नेण्यात आले.

फ्रेंच इतिहासकारांनी हा खटला पुढे शंभर-सव्वाशे वर्षे चालू ठेवला. ओलार यांनी दांतोंचे वकीलपत्र घेतले. मातिए यांनी त्याच्या पैशांच्या व्यवहारांची एकेक पावती उकरून फिर्यादीची बाजू मांडली. पण या सर्वांच्या आधी, १८३५ साली, गेओर्ग ब्यूखनर नावाच्या एकवीस वर्षांच्या जर्मन तरुणाने ‘दांतोंचा मृत्यू’ हे नाटक लिहिले, आणि इतिहासकारांच्या कोर्टात जे सापडत नव्हते ते त्याने पकडले. त्याचा दांतों हुतात्मा नाही आणि लाचखाऊही नाही. आपल्याच हाताने उभे केलेले यंत्र आता थांबत नाही हे पाहून थकलेला माणूस आहे. साहित्याने चरित्राला काय द्यावे, याचे इतके चोख उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

दांतोंच्या त्या युक्तिवादाला नाव काय द्यावे? हिंसा टाळण्यासाठी हिंसेची एक नेमस्त, नियमबद्ध प्रतिमा करावी आणि तिच्यावर भागवावे, या मनोव्यापाराला युरोपीय समीक्षेत निरनिराळी नावे सापडतील. मला मात्र त्याचे सर्वांत नेमके रूप सापडते ते कारंजा लाडच्या ग्रंथभांडारात जपलेल्या एका कथेत. आज वाशीम जिल्ह्यात असलेले हे गाव बहुतेकांना नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून माहीत आहे. परंतु तेथील जैन मंदिरांच्या भांडारांनी अपभ्रंश भाषेतील जुन्या पोथ्या शतकानुशतके सांभाळल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन यांच्या परिश्रमाने त्या बाहेर आल्या आणि कारंजा जैन ग्रंथमालेत छापल्या गेल्या. १९३१ साली प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ हे पुष्पदंताचे दहाव्या शतकातले काव्य त्यांतलेच. ‘चरिउ’ म्हणजे चरितच. आपल्या ‘चरित्र’ शब्दाचे हे वऱ्हाडात सांभाळलेले जुने भावंड.

त्यातली कथा अशी. राजा यशोधराला अशुभाच्या निवारणासाठी देवीला बळी देण्याचा आग्रह त्याची आई करते. जीवहत्या त्याला नको आहे. आईचे मन मोडवत नाही. मग तोडगा निघतो: पिठाचा कोंबडा करावा आणि तो कापावा. जीवही जात नाही, विधीही होतो. परंतु कवी त्याला सोडत नाही. सुरी चालवताना संकल्प मारण्याचाच होता. म्हणून मायलेकांना मोर, कुत्रा अशा पशुयोनींतून जन्मोजन्मी फिरावे लागते, मारावे लागते आणि मरावे लागते. जैन कर्मविचार ज्याला मान्य नाही त्यालाही या कथेचा चटका बसल्याशिवाय राहत नाही. तोडगा काढणाऱ्या सुबुद्ध माणसाची ती शोकांतिका आहे.

दांतोंचे क्रांतिन्यायालय हा पिठाचा कोंबडा होता. आणि मला वाटते, क्रांतीत शिरलेल्या प्रत्येक वकिलाच्या आयुष्यात असा एक कोंबडा असतो. कारण तोडगा काढणे हीच त्याची विद्या. चरित्रकाराने तो शोधावा. त्याने तो कशासाठी केला, आणि पुढे त्याचे काय झाले, हे सांगावे. या कसोटीवर वऱ्हाडातल्या दोन वकिलांची चरित्रे लावून पाहण्यासारखी आहेत.

वऱ्हाडच्या वकिलाची घडणच जरा निराळी. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये सालीना पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमचा पट्ट्याने दिला. म्हणजे ज्या भूमीवर कोर्ट भरे ती कागदोपत्री निजामाची आणि राज्य इंग्रजांचे. सत्ता हा कराराचा मामला आहे, ईश्वरी नव्हे, हे इथल्या वकिलाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे या घडणीचे पहिले मोठे फळ. १८५४ चा जन्म, १८८४ मध्ये एल्‌एल्‌. बी., काही वर्षे सरकारी नोकरी, आणि १८९० पासून अमरावतीस वकिली. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष. त्यांचा थाट, त्यांचे विनोदी वक्तृत्व, त्यांच्या घरची पंगत यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या पुत्रानेच त्यांचे चरित्र लिहिले. पण त्यांचे राजकारण पाहा: ते अपिलाचे राजकारण आहे. ताईमहाराज प्रकरणात टिळकांबरोबर तेही विश्वस्त. १९०१ च्या औरंगाबादच्या दत्तविधानापासून निघालेला तो वाद १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलात टिळकांच्या बाजूने सुटला. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा खापर्डे विलायतेस गेले आणि १९१० पर्यंत तेथे खटपट करीत राहिले. प्रिव्ही कौन्सिलाने अपिलाची परवानगी नाकारली. खालच्या कोर्टात न्याय मिळाला नाही तर वरच्या, तेथेही नाही तर त्याच्याही वरच्या, ही त्यांची श्रद्धा. पण साम्राज्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसलेला न्यायाधीशही साम्राज्याचाच असतो.

तेथून परतलेला हा माणूस डिसेंबर १९१० मध्ये शिर्डीला जातो, आणि पुढल्या डिसेंबरात पुन्हा जाऊन तीन महिन्यांहून अधिक काळ राहतो. ‘साईसच्चरिता’त दाभोळकरांनी नोंदवले आहे की, एरवी ज्यांच्या वाणीपुढे सभा डोलत ते खापर्डे साईबाबांपुढे मौन धरून बसत. भाविकांना त्यात भक्ती दिसते आणि ती असेलही. मला त्यात अपिलाच्या सर्व पायऱ्या चढून झालेल्या वकिलाची शांतताही दिसते. त्यांची इंग्रजीतली रोजनिशी हा या बाबतीत मोठा दस्तऐवज आहे. तिच्यात चिंतन जवळजवळ नाही. सकाळी केव्हा उठलो, कोण आले, काय बोलणे झाले, कोण गेले, अशा कोरड्या नोंदी. साहित्यिक दृष्टीने ती नीरस म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. पण ती साक्षीदाराची जबानी आहे, आणि जबानीत मतप्रदर्शन करायचे नसते हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक होते. १९२० मध्ये असहकाराने कोर्टांवर बहिष्कार पुकारला तेव्हा खापर्डे विरोधात गेले आणि पुढे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. चरित्रकार येथे थोडे अडखळतात. ‘काळ पुढे गेला’ असे म्हणून मोकळे होतात. काळ पुढे गेला हे खरेच. पण हा माणूस कोठे थांबला, याचे उत्तर त्याच्या झग्यात आहे. अपिलावाचून न्याय ही कल्पनाच त्याला करता येत नव्हती. त्याचा पिठाचा कोंबडा म्हणजे अर्ज.

दुसरे माधव श्रीहरी अणे. १८८० साली वणीला जन्म, १९०८ च्या सुमारापासून यवतमाळला वकिली. टिळकांचे अनुयायी, असहकाराविषयी साशंक, प्रतिसहकाराच्या गटातले. १९२८ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. अशा विद्वान, विधिज्ञ, काहीशा सनातनी गृहस्थाने १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला. मिठाला समुद्र लागतो. वऱ्हाडला समुद्र नाही. पण राखीव जंगल आहे, आणि त्यातले गवत परवान्यावाचून कापणे हा गुन्हा आहे. अण्यांनी विळा घेऊन गवत कापले, अटक करून घेतली आणि शिक्षा भोगली.

या घटनेकडे चरित्रे शौर्यप्रसंग म्हणून पाहतात. तिच्यातले शौर्य मान्य करूनही मी म्हणेन की, तिचे सौंदर्य कायद्याचे आहे. सत्याग्रही आरोपी गुन्हा नाकारत नाही, पळत नाही, शिक्षा घेतो. न्यायासनाला तो दोनच वाटा ठेवतो: कायदा बदला किंवा मला आत टाका. दांतोंने शत्रूसाठी न्यायालय उभारले. अण्यांनी न्यायालयापुढे स्वतःला उभे केले. विळा खरा, गवत खरे, आणि शिक्षा स्वतःच्या अंगावर. येथे पिठाचा कोंबडा नाही. वकिलाने क्रांतीला दिलेली याहून निर्मळ भेट मला दुसरी दिसत नाही.

पण चरित्र येथे संपत नाही, आणि संपवूही नये. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष या नात्याने सामुदायिक कायदेभंग थांबवण्याची जबाबदारी अण्यांवर आली. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. हेतू सरळ होता: आत बसून जेवढे साधेल तेवढे साधावे, लढाईच्या काळात सरकारचा हात शक्य तेथे आवरावा. ऑगस्ट १९४२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला उठाव झाला, अधिकारी मारले गेले, आणि त्यामागून आलेल्या फौजेने गावावर, विशेषतः तेथल्या स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांच्या हकीकतींनी सारा प्रांत हादरला. नोव्हेंबरात प्रा. भन्साळी दिल्लीला अण्यांच्या घरी पोचले. चिमूरची चौकशी करवा, एवढीच त्यांची मागणी. ती पुरी होईना म्हणून त्यांनी अन्न सोडले. भन्साळींचे ते दीर्घ उपोषण जानेवारी १९४३ मध्ये सुटले. अणे मंडळातच होते. फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे उपोषण सुरू झाले तेव्हा होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला.

या चार-पाच महिन्यांवरून आमचे लेखक पाय न वाजवता निघून जातात. कोणी राजीनाम्याचे कौतुक करतो, कोणी मंडळात जाण्याची निंदा करतो. पहिला ओलार, दुसरा मातिए. परंतु पुसदला गवत कापणारा तोच माणूस आपल्याच मुलखातल्या चिमूरबद्दल दाद मागणाऱ्याला दाराशी पाहतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न चरित्राचा गाभा आहे. मी निकाल देत नाही. एवढे मात्र दिसते की, आत राहून हिंसा सौम्य करावी हा युक्तिवाद दांतोंच्याच घराण्यातला होता. कोंबडा पिठाचा होता. चिमूर खरे होते. आणि हेही दिसते की, दांतोंला जे यंत्र सोडून बाहेर पडता आले नाही ते अण्यांना, उशिरा का होईना, सोडता आले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दांतोंच्या हाती राज्य होते, वऱ्हाडच्या वकिलांच्या हाती नव्हते. मग त्यांचे हात स्वच्छ राहिले यात विशेष ते काय? तुलना अप्रमाण आहे असे कोणी म्हणेल. प्रमाणाची तुलना मी करीतच नाही. पॅरिसमध्ये अडीच हजारांहून अधिक माणसे त्या न्यायालयाने मृत्यूकडे पाठवली; यवतमाळच्या बार रूममध्ये तसे काही घडणार नव्हते. पण चरित्रवाङ्मयाचा विषय सत्तेचे आकारमान हा नसून निवडीचा क्षण हा आहे. तोडगा काढायचा की नाही, आणि काढला तर त्याची किंमत कोणी द्यायची, हा प्रश्न मंत्र्याला पडतो तसाच वकिलालाही पडतो. पुष्पदंताने तो राजाच्या तोंडी घातला म्हणून तो केवळ राजांचा होत नाही.

अण्यांनी उतारवयात संस्कृतात ‘तिलकयशोर्णव’ रचले. टिळकांचे समग्र चरित्र श्लोकबद्ध करण्याचा हा प्रचंड उद्योग. १९६८ मध्ये ते वारल्यानंतर, १९७३ साली, त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. नावातच निकाल आहे: यशाचा सागर. आपल्या गुरूचे वकीलपत्र शिष्याने शेवटपर्यंत टाकले नाही. त्या निष्ठेपुढे मान लववावी. परंतु आपले बहुतेक चरित्रलेखन याच वळणावर गेले, नायकाच्या बाजूची कैफियत झाले, याची खंतही बाळगावी. ज्या पिढीने आयुष्यभर उलटतपासणी केली तिची स्वतःची उलटतपासणी कोणी प्रेमाने केली नाही.

ती करायची तर साधने हवीत. खापर्ड्यांच्या रोजनिशा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत म्हणून त्यांच्याविषयी काही नेमके बोलता येते. तालुक्यातालुक्यांच्या कोर्टांतली दफ्तरे, वकिलांच्या घरच्या पेट्यांतली पत्रे, जंगल सत्याग्रहातल्या खटल्यांचे कागद यांकडे साहित्याच्या अभ्यासकाने अजून आपले म्हणून पाहिलेले नाही. हजार वर्षांपूर्वीचे काव्य कारंजाच्या भांडारात राहिले, कारण कोणीतरी पिढ्यानुपिढ्या पोथ्यांना वाळवी लागू दिली नाही. वाचणारा केव्हा येईल हे ठाऊक नसताना ते काम होत राहिले. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वकिलांच्या कागदांसाठी तेवढी आस्था आपण दाखवली, तर पुढच्या चरित्रकाराला तुळशीपत्राचे वाक्य लिहावे लागणार नाही. झगा अंगावर असतानाच माणूस कसा लढला, कोठे वाकला आणि वाकल्यावर पुन्हा कसा उभा राहिला, एवढे त्याने सांगितले तरी पुरे.